पेशींची शाळा आणि आमच्या गटाचा एक ठराव

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून आम्ही बोलतो आहोत. आज ना पापडाची कृती आहे, ना बचतीच्या वहीचा हिशेब. आज एक जुनी गोष्ट सांगायची आहे. पण ती आम्हाला का शोधावी लागली, ते आधी सांगतो.

पोळ्याच्या आधीची बैठक होती. निंदणाचे दिवस, त्यामुळे बाया वावरातून थेट आलेल्या, कोणाच्या पदराला गाजरगवत चिकटलेलं. अंतर्गत कर्जाचे अर्ज वाचायला घेतले. एक बकरीसाठी, एक शिलाई मशीनसाठी, एक युरियासाठी. चौथा अर्ज वाचला आणि सगळ्या गप्प झाल्या. एका ताईनं मुलीच्या एम.एस्सी.साठी २५,००० रुपये मागितले होते. विषय लिहिला होता, पेशी आणि रेणूंचं जीवशास्त्र.

मग बोलणं सुरू झालं. एक म्हणाली, "बकरी दूध देते, मशीन ब्लाऊज शिवते. पंधरावी झालेल्या पोरीले अजून काहून शिकवाचं?" दुसरी म्हणाली, "पेशी म्हंजे कोर्टाची का व?" सगळ्या हसल्या. पण तिचंही चुकलं नव्हतं. आपल्याकडे पेशी म्हटलं की आधी तारखेची पेशीच आठवते. जमिनीच्या वाटणीत निम्मं गाव पेशीला जाऊन आलेलं आहे. दुसरी पेशी आठवते ती डेंग्यूच्या साथीतली, डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतो, "पेशी कमी झाल्यात" ती.

अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला. आम्ही समन्वयक असलो तरी आमचं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. बारावीला सायन्स घ्यायची इच्छा होती, पण प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटायचं आणि शेवटची एसटी त्याआधी निघून जायची, म्हणून घरच्यांनी आर्ट्सला घातलं. तेव्हा या अर्जावर मत द्यायचं तर आधी आपल्यालाच काही कळायला हवं, असं आम्ही ठरवलं. ग्रामसंघातल्या दोघीतिघींनी मिळून वाचलं, शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमला विचारलं, त्या अर्ज करणाऱ्या मुलीलाच दोन संध्याकाळी बसवून घेतलं. त्यातून जे मिळालं ते हे.

पेशी म्हणजे आपल्या अंगाची वीट. पण नुसती वीट म्हटलं तर कमी पडतं, कारण वीट मेलेली असते. पेशी खाते, श्वास घेते, कचरा बाहेर टाकते आणि वेळ आली की एकाच्या दोन होते. माणसाच्या अंगात अशा तीस लाख कोटींच्या आसपास पेशी असतात. बहुतेक प्रकारच्या पेशींच्या आत, एखाद्या कपाटात पोथी ठेवावी तशी, कसं वागायचं याची माहिती ठेवलेली असते. ती ज्या धाग्यांवर गुंडाळलेली असते त्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसाच्या पेशीत ती ४६, सीताफळाच्या पेशीत १४. कोणत्या पेशीनं कधी थांबायचं, हेही त्या माहितीतच लिहिलेलं असतं. तिथला मजकूर बिघडला की पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच राहते. त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो. हे सगळं शोधून काढणारं शास्त्र ती पोरगी शिकायला निघाली होती.

आता गोष्टीकडे येतो. आम्हाला वाटलं होतं हे सगळं विलायतेतलं असेल. पण या वाटेवर सर्वांत आधी चाललेल्या बायांमध्ये दोन आपल्या मराठी घरांतल्या निघाल्या. एकीचं नाव कमला, दुसरीचं कमल.

पहिली कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या सख्ख्या बहीण. १९३३ साली त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. गुण भरपूर होते. संस्थेचे संचालक होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला, कारण अर्ज करणारी मुलगी होती. कमलाताई हटल्या नाहीत. गांधीजींचे दिवस होते ते, त्यांनी सत्याग्रहाचीच भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेवर, काम पसंत पडलं तरच ते मान्य होणार, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचून आमच्या एका सासूबाई म्हणाल्या, "पोरायचं ध्यान उडते तर पोरायले घरी बसवा ना." यावर आम्हाला काही जास्त बोलावंसं वाटत नाही.

कमलाताईंनी १९३६ मध्ये तिथली एम.एस्सी. केली, १९३७ मध्ये इंग्लंडला केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन आल्या. विज्ञानाच्या विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. त्यांनी काम केलं बटाट्यावर. वनस्पतीच्या पेशी श्वास घेतात तेव्हा त्यात एक विशिष्ट प्रथिन काम करतं, हे त्यांनी दाखवलं. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्यं यांत काय पौष्टिक आहे यावर वर्षानुवर्षं काम केलं. बटाटा, डाळ आणि नीरा! आपल्या चुलीजवळच्याच वस्तू.

पण आम्ही जास्त थांबलो ते दुसरीपाशी, कारण तिनं नेमका पेशींचाच संसार मांडला.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुण्यात. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलगी हुजूरपागेत शिकली. वडिलांच्या मनात होतं तिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलीनं वडिलांच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.साठी जो विषय घेतला तो ऐकून आमच्या बैठकीत पहिल्यांदा कान टवकारले गेले. विषय होता सीताफळ-रामफळाचं कुळ! त्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं त्यांनी अभ्यासली. आपल्या धुऱ्यावर जे झाड कोणी लावतही नाही, आपोआप उगवतं, बकऱ्याही ज्याला तोंड लावत नाहीत, त्याच्या पेशी भिंगाखाली ठेवून एक बाई १९४३ मध्ये एम.एस्सी. झाली. तेव्हा माणसाच्या पेशीत गुणसूत्रं नक्की किती, हेसुद्धा जगाला ठाऊक नव्हतं. सगळे ४८ समजून चालले होते. ४६ आहेत हे ठरलं १९५६ मध्ये.

यात एक मध्येच सांगायची गोष्ट राहिली. १९३९ मध्ये त्यांचं लग्न झालं होतं, जे. टी. रणदिवे यांच्याशी. ते गणिताचे अभ्यासक. म्हणजे एम.एस्सी. झाली ती लग्नानंतर चार वर्षांनी, मुंबईला संसार हलवल्यावर. नवऱ्यानं अभ्यासात साथ दिली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा तीनचार जणींनी एकमेकींकडे बघितलं. का बघितलं ते सांगत नाही, ऐकणाऱ्या बायांना कळलं असेल.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. रोगानं अंगातल्या पेशींची काय अवस्था होते ते तपासण्याचं शास्त्र भारतात रुजवणारे हे मोठे डॉक्टर. कमलताईंनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठातून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

खानोलकरांचं नाव आम्ही आणखी एका कारणासाठी घेतो. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा छापला होता. कोण काय चघळतं आणि कोणाला कॅन्सर कुठे होतो, याचा माग ते काढत होते. ऐंशी वर्षं झाली त्याला. आणि आपल्या यवतमाळात आजही पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा दिवसभर विकला जातो. सुपारी, तंबाखू, चुना. पुरुषच खातात असं नाही. कापूस वेचायला जाताना कनवटीला पुडी लावणाऱ्या बाया आमच्या गटातही आहेत, आणि त्या हा कार्यक्रम ऐकत आहेत हेही आम्हाला माहीत आहे. तंबाखूचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलेलं आहे. तोंड पुरतं उघडत नसेल, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तिखट लागलं की आग होत असेल, तर तिनं थांबू नये.

पीएच.डी. झाल्यावर खानोलकरांनीच कमलताईंना बाहेर शिकायला जा म्हणून सांगितलं. त्यांना अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची शिष्यवृत्ती मिळाली. शिकायचं होतं ते ऊतीसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर.

हा शब्द आपल्याला नवा नाही. टिश्यूची केळी आपण बघितली आहेत, एकसारखी रोपं, एकाच वेळी कापणी. केळीच्या कोंबाचा बारीक तुकडा काचेच्या बाटलीत वाढवून ती रोपं करतात. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींचं त्याहून अवघड. त्या अंगाबाहेर काढल्या की मरतात. त्यांना काचेत जगवायचं तर अंगासारखी ऊब लागते, ३७ अंश. कोंबडी अंड्यांवर बसवतो तसं सतत राखावं लागतं. खायला लागतं. गे यांच्या प्रयोगशाळेत हे खाणं हातानं बनायचं. कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, आणि बाळंतिणीच्या नाळेतलं रक्त. आमच्यातल्या एक दाई म्हणाल्या, "नाळ आपण पुरतो, त्यायनं कामाले लावली." आणि सगळ्यात मोठी काळजी बुरशीची. लोणच्याच्या बरणीत कोणी ओला चमचा घातला तर बरणी जाते ना, तसंच. एक जंतू शिरला की महिन्यांची मेहनत फेकून द्यायची.

याच गे यांच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५१ मध्ये तिथल्या हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक बाई आली. काळी, गरीब, तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली, पाच लेकरांची आई. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा तुकडा काढून गे यांच्याकडे पाठवला. तिला विचारलं नाही. तोवर माणसाच्या पेशी काचेत काही दिवसांत मरत. तिच्या मेल्या नाहीत. वाढतच राहिल्या. ती बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, वय ३१. पण तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहेत. पोलिओची लस तपासायला त्या वापरल्या गेल्या. म्हणजे आपल्या लेकरांच्या तोंडात दोन थेंब पडले त्यामागे तिचाही वाटा आहे. तिच्या घरच्यांना मात्र वीसेक वर्षं पत्ताच नव्हता. पेशी विकून कंपन्यांनी पैसा केला आणि त्यातल्या एका कंपनीबरोबर कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ मध्ये.

ही गोष्ट सांगितली तेव्हा बैठक बराच वेळ शांत होती. मग आमच्या सचिव म्हणाल्या, की आपणही हॉस्पिटलात, बँकेत, बियाण्याच्या दुकानात दाखवतील तिथे सही करतो. वाचत नाही. शास्त्र मोठं आहे म्हणून ते आपोआप न्यायाचं होत नाही, हे आम्हाला त्या दिवशी नीट कळलं. आणि म्हणूनच आपल्यासारख्या घरातली एखादी पोरगी त्या भिंगामागे बसलेली असावी, असंही वाटलं.

कमलताई शिकून परत आल्या. तिथेच राहता आलं असतं. मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात रुजू झाल्या आणि त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली समजली जाते. साठच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना लागणारं खाणं, द्रावणं इथेच बनवली. आपण नवं काही करायला घेतो तेव्हा पहिली अडचण कच्च्या मालाचीच येते. ज्यांनी मसाल्याचा उद्योग केला आहे त्यांना विचारा. तिथेही तेच होतं. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालकही होत्या. कॅन्सर कसा होतो, पेशी कशी चालते, अंग रोगाशी कसं लढतं, अशी वेगवेगळी दालनं त्यांनी काढली. महारोगाच्या जंतूवरही काम केलं आणि त्या कामातून पुढे लस तयार करण्याची वाट निघाली. १९८२ मध्ये सरकारनं पद्मभूषण दिलं.

त्यांचं एक काम आपल्याला जवळचं आहे. स्तनाचा कॅन्सर. उंदरांच्या पिढ्या सांभाळून त्यांनी बघितलं की हा रोग कोणाला होतो त्यात अंगातली संप्रेरकं, विषाणू आणि घराण्यातून आलेलं काही यांचा काय संबंध आहे. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचं नातं ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचं नाव घेतात. माणसातला तसा पहिला जनुक पुढे १९९४ मध्ये अमेरिकेत हाती लागला. आता माहीत आहे, की हा रोग झालेल्या दर शंभर बायांत पाच ते दहा जणींना तो आईबापाकडून आलेल्या बिघाडामुळे होतो. बाकीच्यांत बहुतेकींच्या घरात आधी कोणाला नसतो. तेव्हा "आमच्या घराण्यात नाही" म्हणून निश्चिंत राहू नये, आणि कोणाच्या घरात आहे म्हणून तिच्या पोरीचं लग्न मोडू नये.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती. आठ महिने त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगायची लाज, मुलाला तर त्याहून. गाठ दुखत नाही म्हणजे बरी आहे, असं त्यांना वाटायचं. खरं तर कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखतच नाही. शेवटी बाह्याच्या कापडाला डाग पडायला लागले तेव्हा सुनेच्या लक्षात आलं. नागपूरला नेलं. आज त्या आहेत, डोक्यावर केस परत आले आहेत, या बोलण्याची त्यांनीच परवानगी दिली आहे. पण ते आठ महिने परत येत नाहीत आणि एक स्तनही. त्या काकूच आधी म्हणाल्या होत्या, "पोरीले एवढं काहून शिकवाचं?" हे आम्ही त्यांना विचारून सांगतो आहोत.

तीस वर्षांवरच्या बायांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, पैसे लागत नाहीत. आशाताईंना विचारा. गाठ, बोंडातून पाणी किंवा रक्त, कातडी आत ओढल्यासारखी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर कापसाचा वेचा संपायची वाट बघू नका.

पेशीचं शास्त्र आपल्या वावरातही कधीचं आलं आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जंतूचा जनुक कापसाच्या पेशीत घातला की बोंडअळी ते खाऊन मरते, असा तो बेत. सुरुवातीला चाललं. मग गुलाबी बोंडअळीला त्याची सवय झाली, फवारण्या परत वाढल्या, आणि २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. कोणाच्या कोणाच्या घरी त्या फोटोला अजून हार आहे. त्या पाकिटातल्या बियाण्यात काय घातलं आहे हे विकणाऱ्याला कळतं, लावणाऱ्याला कळत नाही. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथे आपल्या तालुक्यातल्या किती पोरी संशोधन करतात, हा प्रश्न आम्ही बैठकीत विचारला. एकीचंही नाव कोणाला आठवलं नाही.

कमलताईंचं शेवटचं काम आम्हाला सगळ्यात आवडलं. १९७३ मध्ये त्यांनी आणि अकरा सहकाऱ्यांनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. म्हणजे त्या धरून बारा. आपल्या गटाएवढा गट! नवी मुंबईत वाशीला या संघटनेनं नोकरदार बायांसाठी वसतिगृह आणि लेकरांसाठी पाळणाघर चालवलं आहे. संशोधन करणाऱ्या बाईला सगळ्यात आधी काय लागतं, तर लेकरू ठेवायला जागा, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलं नसणार. आणि निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी लेकरांच्या पोषणाची पाहणी करत होत्या, खेड्यांतल्या बायांशी आरोग्यावर बोलत होत्या. २००१ मध्ये त्या गेल्या. त्यांचं केंद्र पुढे वाढलं, आता ते नवी मुंबईत खारघरला आहे आणि टाटा मेमोरियलचाच भाग आहे. पुण्यालाही विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे पेशींचं भांडार आहे, बियाण्याच्या बँकेसारखं. देशभरच्या प्रयोगशाळांना तिथून पेशी पाठवतात.

आता वाट कशी असते तेही थोडं सांगतो, कारण ज्या घरात कोणी गेलं नाही त्या घराला वाट दिसतच नाही. बारावी सायन्स, मग तीन-चार वर्षांची बी.एस्सी., मग दोन वर्षांची एम.एस्सी. अमरावती विद्यापीठातही होते, बाहेरही होते. त्यानंतर नेट नावाची देशपातळीवरची परीक्षा असते, वर्षातून दोनदा. त्यात वरच्या यादीत नाव आलं आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की दरमहा छात्रवृत्ती मिळते. २०२३ पासून ती पहिल्या दोन वर्षांसाठी महिन्याला ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. आमच्या बैठकीत या आकड्यावर कोणाचा विश्वास बसेना. "शिकाचे पैसे देतेत?" हो, देतात. पीएच.डी. म्हणजे आयुष्यभर फी भरत बसणं, असंच आम्हीही समजत होतो. पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ती परीक्षा सोपी नाही, बऱ्याच जणींना दोनतीन वेळा द्यावी लागते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, छात्रवृत्ती कधी कधी महिनोनमहिने अडकते, प्रयोग फसतात, आणि शेवटी पक्की नोकरी लागेलच असं कोणी लिहून देत नाही. त्यात वय पंचविशी ओलांडतं आणि नातेवाईक स्थळं घेऊन दारात येतात. हे सगळं त्या ताईला आम्ही स्पष्ट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कापसाचं तरी कोण लिहून देते?"

पुढच्या बैठकीत अर्ज परत वाचला. वाद झालाच. एका ताईंचं म्हणणं शेवटपर्यंत बदललं नाही. गटाचा पैसा उत्पन्न देणाऱ्या कामालाच जावा, पोरगी लग्न होऊन गेली तर गटाला काय मिळालं? त्यांचं मत आम्ही इतिवृत्तात लिहिलं आहे, कारण तेही वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. बाकी दहा जणींनी हात वर केला. २५,००० नाही जमले, गटात तेवढी शिल्लकच नव्हती. १५,००० मंजूर झाले, दहा हप्त्यांत फेड, व्याज बकरीच्या कर्जाला आहे तेच. कर्जाचं कारण या रकान्यात सचिवांनी आधी "शिक्षण" एवढंच लिहिलं होतं. छातीत गाठ निघालेल्या काकू म्हणाल्या, पुरं लिही. मग "एम.एस्सी., पेशी" असं लिहिलं.

पोरगी दिवाळीला घरी आली तेव्हा मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन आली. स्वतःच्या गालाच्या आतून काडीनं थोडं खरवडून, निळा रंग टाकून, भिंगाखाली बघितलेलं. निळसर फरश्यांसारखं काहीतरी, प्रत्येक फरशीत मध्ये एक गडद ठिपका. मोबाइल बैठकभर हातोहात फिरला. त्या न बदललेल्या ताईंनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, मग विचारलं, "हे कोण आहे व?"

पोरगी म्हणाली, "मीच आहो, मावशी."

ताईंनी फोटो परत एकदा बघितला आणि म्हणाल्या, "मंग माह्या गालातलंबी काढ."